पिसांग गोरेंग: आधी केळं, मग पीठ

मलेशियातल्या भज्यात बेसन नसतं. ओवा नाही, हिंग नाही, कोथिंबीर नाही. आपल्याकडच्या माणसाला ती भजी सुरुवातीला जरा उघडीबोडकीच वाटतात. पण दुपार कलली की क्वालालंपूर आणि पेटालिंग जायाच्या रस्त्यांवर छत्र्या उघडतात आणि त्यांच्याखालच्या मोठ्या कढयांत जे तळलं जातं ते बहुतेक वेळा फळ असतं. पिकलेलं केळं, फणसाच्या जातीतलं चेंपडाक, नीरफणस. केळ्याच्या भज्याला इथे पिसांग गोरेंग म्हणतात: पिसांग म्हणजे केळं, गोरेंग म्हणजे तळलेलं. सोबतीला रताळं असतंच. ऑफिसातून परतणारे लोक गाडी कडेला घेतात, कागदी पिशवी भरून घेतात आणि घरी जाऊन चहाबरोबर संपवतात. रोजची गोष्ट आहे, सणावारी करायची नव्हे.

आमच्या कोपऱ्यावर गाडी लावणारीला सगळे ‘काक’ म्हणतात, म्हणजे ताई. मीही तसंच म्हणते. तिच्या केळ्याचं आवरण इतकं कुरकुरीत असतं की चावताना आवाज येतो, आणि आत केळं मऊ, जवळजवळ शिऱ्यासारखं. साहजिकच मी तिला पिठाचं प्रमाण विचारत राहिले. आणि दर वेळी ती केळ्यांबद्दलच बोलत राहिली. आज पिसांग राजा मिळाली नाही, पिसांग नांका आहे, उद्या ये. पीठ काय, कुणीही भिजवतं, असा तिचा एकूण सूर. आता घरी करते तेव्हा वाटतं, तिचंच बरोबर होतं. आपल्या भज्यात पिठाला चव असते आणि कांदा-बटाटा त्याच्या आधाराने जगतो. इथे पीठ फक्त झाकण आहे, चव सगळी फळाची.

तेव्हा आधी केळं. मलेशियात तळायला पिसांग राजा सगळ्यात मानाची. पिसांग तांदुक म्हणजे शिंगासारखं लांबलचक केळंही चालतं, ते तिरके काप करून तळतात. या सगळ्या जातींचा गर घट्ट असतो, पिकल्यावरही त्यात पिष्ट शिल्लक राहतं, म्हणून तापल्या तेलात ती विरघळून जात नाहीत. आपल्याकडे जळगावहून येणारी नेहमीची लांब, पिवळी केळी म्हणजे ग्रँड नैन जात. ती पाणीदार, नुसती खायला छान, तळली की आत लगदा होतो. तिच्याऐवजी वसईची राजेळी शोधा, जिची सुकेळी करतात. ती नाही मिळाली तर केरळी दुकानातलं नेंद्रन घ्या. केरळचे लोक त्याचीच मैद्यात बुडवून पळमपोरी करतात, म्हणजे हे प्रकरण आपल्याला फार परकं नाहीच. साल पिवळी, तिच्यावर काळे ठिपके पसरलेले, पण दाबलं तर बोट आत जात नाही, अशी अवस्था हवी. हिरवट केळं तळलं तर तुरट राहतं. काळं पडलेलं शिकरणीला ठेवा.

आता पीठ. मध्यम आकाराची सहा केळी धरली तर एक वाटी तांदळाचं पीठ, पाव वाटी मैदा, दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर, अर्धा छोटा चमचा मीठ, चिमूटभर हळद. तांदळाच्या पिठात ग्लुटेन नसल्यामुळे आवरण चिवट न होता कडक होतं. नुसतंच तांदळाचं पीठ मात्र फळाला नीट धरत नाही, मैदा तेवढ्यापुरता. पाणी फ्रिजमधलं गार घ्या, आणि चमच्याच्या पाठीवर पातळ थर राहील इतपतच सैल करा. फेटत बसू नका. गुठळ्या राहिल्या तर राहू द्या. दहा-पंधरा मिनिटं थांबा म्हणजे तांदळाचं पीठ पाणी पिईल, पण ते तळाशी बसतं, म्हणून प्रत्येक घाण्याआधी ढवळायचं. सोडा घालू नका. शेवटी एक चमचा कडकडीत तेलाचं मोहन. ते आपल्या आयांचं शास्त्र, इथेही लागू पडतं.

आणि चुना. हो, पानाला लावतात तोच. मलेशिया, इंडोनेशिया, थायलंड, सगळीकडे तळणीच्या पिठात चुन्याची निवळी घालतात. हरभऱ्याएवढा चुना वाटीभर पाण्यात ढवळून ठेवायचा, खाली बसू द्यायचा आणि वरचं स्वच्छ पाणी दोन-तीन चमचे पिठात घालायचं. कोहळ्याचा पेठा करणाऱ्यांना हे नवीन नाही. निवळी अल्कधर्मी असल्यामुळे तळताना रंग लवकर चढतो, आणि आवरण खुसखुशीत होतं असा इथल्या सगळ्यांचा अनुभव आहे. जास्त झाली की हळदच चुगली करते. हळदीत चुना मिसळला की कुंकवाचा रंग येतो, तसं पीठ लालसर दिसू लागतं. मग तुरट चवीची तयारी ठेवा, किंवा थोडं पीठ आणखी घाला.

(इथे एक जुनी अफवा आहे: कुरकुरीतपणासाठी काही विक्रेते तेलात प्लॅस्टिकचे स्ट्रॉ वितळवतात म्हणे. दर काही महिन्यांनी ती मोबाइलवर फिरते. काकला विचारलं तर ती नुसती झारा दाखवते.)

तेल इथे अर्थातच पामचं. इंडोनेशियाच्या खालोखाल जगात सर्वात जास्त पाम तेल मलेशियातच निघतं. घरी सूर्यफुलाचं वापरा. शेंगदाण्याच्या तेलाचा वास मला फळाबरोबर नको वाटतो, पण हे मत माझं. केळं उभं चिरून दोन भाग करा, पिठात बुडवून, जास्तीचं निथळून, साधारण १७० अंशांवर सोडा. थर्मामीटर नसेल तर पिठाचा थेंब टाका. तो खाली जाऊन लगेच बुडबुड्यांसकट वर आला की तेल तयार. एकदम सात-आठ टाकू नका, तेल गार पडतं आणि आवरण तेल पितं. फिकट सोनेरी झाले की काढा, पाच मिनिटं थांबा, मग तेल थोडं जास्त तापवून मिनिटभर पुन्हा तळा. पहिल्या वेळी आतलं पाणी वाफ होऊन आवरणात येतं, दुसरी वेळ तेच घालवायला. दोनदा तळणं कंटाळवाणं आहे. फरक मात्र स्पष्ट कळतो.

तळून झाल्यावर पेपरवर एकावर एक रचू नका, जाळीवर ठेवा. आणि झाकू नका! काक पिशवीचं तोंड कधीच बंद करत नाही. बंद केलं की वाफ आत कोंडते आणि घरी पोचेपर्यंत सगळं मऊ.

चेंपडाक हा फणसाचा चुलतभाऊ, आकाराने लहान, वासाने जबरदस्त. गरे इतके मऊ की आठळीसकटच पिठात बुडवून तळतात, आणि आठळी शिजून बटाट्यासारखी होते, तीही खायची. मला विचाराल तर सगळ्यात चांगलं तळण हेच. आपल्याकडे बरक्या फणसावर करून पाहता येईल. गरे फार रसाळ असतील तर आधी कोरड्या तांदळाच्या पिठात घोळवून घ्या. आठळी मोठी असेल तर आधी उकडून घ्या, नाहीतर आवरण झालं तरी ती कच्चीच राहते.

वरून काय घालायचं यावर इथे दोन तट आहेत. तरुण मुलं किसलेलं चीज आणि चॉकलेट घालतात, त्यावर मी काही बोलत नाही. जोहोरकडचे लोक केळं तिखट काळ्या चटणीत बुडवून खातात, सांबल किचाप. लसूण आणि हिरव्या मिरच्या खलबत्त्यात ठेचायच्या, त्यात गोड सोया सॉस, चवीला साखर, वर लिंबू. गोड सोया मिळाला नाही तर साध्या सोया सॉसमध्ये गूळ विरघळवून आटवा. पिकलेल्या केळ्याबरोबर मिरची म्हटल्यावर आईने फोनवर नाक मुरडलं होतं. पहिला घास तरी चटणी लावून खा.