टीव्हीवर नव्या झालेल्या गाड्यांचं पुढे काय होतं?

'व्हीलर डीलर्स' तुमच्यापैकी अनेकांनी डिस्कव्हरीवर पाहिलं असेल. माइक ब्रूअर घासाघीस करून जुनी गाडी आणायचा, एड चायना ती खोलून दुरुस्त करायचा आणि भाग संपता संपता गिऱ्हाईक चावी घेऊन निघून जायचं. त्या गाडीचं पुढे काय झालं, हे इथे इंग्लंडमध्ये घरबसल्या बघता येतं.

इथे गाडी विकली तरी नंबर सहसा तोच राहतो. गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी नावाची तपासणी करावी लागते. २००५ पासूनच्या या तपासण्या सरकारी वेबसाइटवर फुकट दिसतात. फक्त नंबर टाकायचा. मालकाचं नाव कळत नाही. पण गाडी पास झाली की नापास, कुठे गंज धरलाय, मीटर किती पडलंय, सगळं समोर येतं. आपल्याकडे जुनी गाडी घेताना मीटर मागे फिरवलंय का, ही धास्ती असते. अशी नोंद आपल्याकडेही सगळ्यांना खुली असावी, असं मला फार वाटतं.

म्हणून टीव्हीवरच्या गाडीचा नंबर दिसला की मी तो टाकून बघतो. एखादी गाडी वर्षाला जेमतेम काहीशे मैल फिरलेली असते, म्हणजे कोणीतरी ती हौसेने सांभाळतंय. कधी नोंदी मध्येच थांबतात. त्यावरून गाडी भंगारात गेली असं लगेच धरू नये. ती परदेशी गेलेली असू शकते, नुसती उभी असू शकते. शिवाय चाळीस वर्षांवरच्या, मूळ रूपात फारसा बदल न केलेल्या गाड्यांना एमओटीतून सूट आहे.

खरा वैरी गंज. हिवाळ्यात इथे रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते खालचा पत्रा खातं. इंजिन चकाचक झालं, सीटना नवं चामडं चढलं, तरी दाराखालच्या पत्र्याचं वेल्डिंग कच्चं राहिलं की काही वर्षांत गाडी तपासणीत अडकते. एडची मजुरी मात्र कार्यक्रमातल्या हिशेबात धरतच नसत. बाहेर तितके तास मेकॅनिकला लावले, तर बहुतेक गाड्यांचा नफा तिथेच संपेल.

लोकांच्या जुन्या गाड्या नटवून देणाऱ्या अमेरिकेतल्या 'पिंप माय राइड' या कार्यक्रमाची (२००४ ते २००७) तऱ्हा वेगळी होती. तिथे दिखाऊपणावर भर. काही गाडीमालकांनी २०१५ मध्ये हफिंग्टन पोस्ट या बातम्यांच्या वेबसाइटला सांगितलं, की बसवलेल्या काही वस्तू शूटिंगनंतर काढून घेतल्या आणि यंत्राची दुखणी तशीच राहिली.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो 'कार एसओएस'. टिम शॉ आणि फझ टाउनशेंड २०१३ पासून तो करताहेत. आजारपणामुळे किंवा घरातल्या संकटामुळे कोणाची गाडी अर्धवट पडून असते. घरचेच गुपचूप कळवतात, मग टिम आणि फझ गाडी काहीतरी निमित्त काढून नेतात आणि दुरुस्त करून त्याच मालकाला परत देतात. ती ज्याच्या हाती जाते, त्याला तिचा पत्रा न् पत्रा आधीपासून ठाऊक असतो. विकायला सजवलेल्या गाडीपेक्षा अशी गाडी जास्त टिकेल, असं मला मनापासून वाटतं.