पंचहौदापासून केडगावपर्यंत

रविवारी सकाळी गुरुवार पेठेतील पंचहौद चर्चचे उंच घंटाघर डोळे भरून पाहिले आणि पुणे स्थानकावर येऊन दौंडकडे जाणारी लोकल पकडली. पंडिता रमाबाईंनी विधवा व निराधार मुलींसाठी उभारलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनला जायचे कधीपासून मनात होते. पण सुरुवात पंचहौदापासूनच करायची, असे ठरवले होते, कारण रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या त्या याच चर्चच्या मिशनमध्ये काम करणाऱ्या, इंग्लंडमधील वाँटेज या गावच्या सिस्टरांच्या ओळखीने, आणि त्यांचा बाप्तिस्माही वाँटेजलाच झाला.

हडपसर, लोणी, उरुळी, यवत ही स्थानके मागे पडली. दोन्ही बाजूंना ऊस उभा होता. याच मुलखात रमाबाईंनी माळरान विकत घेतले, विहिरी खोदून घेतल्या आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात स्वतः हिंडून, अन्नासाठी वणवण करणाऱ्या शेकडो मुली व विधवा येथे आणल्या. १९०० च्या सुमारास गुजरातेतील दुष्काळपीडित स्त्रियाही आल्या आणि मुक्ती मिशनमधील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. त्याआधी विधवांसाठी काढलेल्या शारदा सदन या त्यांच्या शाळेसाठी पैसा उभा राहिला तो अमेरिकेत १८८७ मध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनमधून. तेथील सभासदांनी वर्षाला एक डॉलर याप्रमाणे दहा वर्षे देण्याचे वचन दिले होते. दूरदेशीच्या सामान्य माणसांनी कधीही न पाहिलेल्या विधवांसाठी इतकी वर्षे बांधून घ्यावे, हे मला फार मोठे वाटते.

पण दान म्हणजे न्याय नव्हे, हे रमाबाईंना पुरते ठाऊक होते. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या बंदोबस्ताच्या नावाखाली स्त्रियांची विटंबना होत आहे, आपल्या सदनातील मुलीलाही ती भोगावी लागली, असे त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून उघडपणे सांगितले. सत्ताधारी ख्रिस्ती होते म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या परिपत्रकात मजुराच्या न्याय्य वेतनाचा प्रश्न मांडला आणि पुढे १९७१ मध्ये पेरूमधील धर्मगुरू गुस्ताव्हो गुतिएरेझ यांनी गरिबांच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या ईश्वरविज्ञानाला ‘मुक्ती’चेच नाव दिले. तो शब्द केडगावच्या संस्थेने त्याच्या कितीतरी आधी घेतलेला होता.

धर्मांतराचा वाद टाळून हे लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १८९३ मध्ये त्याच कारणावरून पालकांनी शारदा सदनातून मुली काढून नेल्या आणि सल्लागार मंडळातून रानडे, भांडारकर बाहेर पडले. भुकेल्या माणसापुढे ताट वाढणाऱ्याच्या हातात केवढी सत्ता असते, हा प्रश्न प्रत्येक मिशनने स्वतःला विचारायलाच हवा. मात्र ज्या विधवेचे केशवपन करून तिला कोपऱ्यात बसवले जात होते, तिला शेती, विणकाम आणि छपाईचे खिळे जुळवण्याचे काम कोणी शिकवले, हेही त्याच वेळी सांगितले पाहिजे. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषांतून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले, ते अडाणी बाईलाही कळावे म्हणून. ते छापले केडगावच्या छापखान्यात, तेथील स्त्रियांनी. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये निघाला; रमाबाई १९२२ मध्येच गेल्या होत्या.

आवारात शिरल्यावर एका ताईंनी मला चर्च दाखवले आणि मग स्वयंपाकघराच्या ओसरीवर नेले. तेथे चटईवर एक अंध आजी सुपात तांदूळ निवडत होत्या. खडा बोटाला लागला की त्या तो अंगठ्याने बाजूला सारत, क्षणभर चिमटीत धरून खात्री करून घेत, आणि मग वाटीत टाकत. मी पिशवीतून देणगीचे पाकीट काढून ताईंच्या हाती देत होते, तेवढ्यात आजींनी विचारले, “कोण आलंय?”

“पुण्याहून आलेय, आजी.”

“मग उभी का? बस की.” त्यांनी चटईवर सरकून जागा केली आणि दुसरे सूप माझ्याकडे लोटले. परतीच्या गाडीला अजून दीड तास होता. मी पाकीट ताईंकडे दिले, मांडी घातली आणि खडे शोधू लागले. माझ्या नजरेतून सुटलेले दोन आजींच्या बोटांनी काढले.