तुम्ही विचारलंत म्हणून: पहिलं मशीन कोणतं घेऊ?

आमच्या मागच्या शेडमध्ये जो येतो तो आधी भिंतीवरची हत्यारं न्याहाळतो, मग कोपऱ्यातल्या टेबल सॉवर, म्हणजे टेबलातून गोल पातं वर येतं त्या कापायच्या मशीनवर, हात फिरवतो आणि विचारतो, "मलाही घरी सुतारकाम सुरू करायचंय. पहिलं मशीन कोणतं घेऊ?" मेव्हण्याने विचारलं, बँकेतल्या कॅशियरने विचारलं, परवा तर लेकीच्या लग्नाच्या बैठकीत याद्या बाजूला ठेवून व्याह्यांनी विचारलं. मी म्हणतो, दगड घ्या. धार लावायचा. मग समोरचा हसतो, कारण त्याला वाटतं मी टाळतोय.

टाळत नाही. मी स्वतः मशीनपासूनच सुरुवात केली होती.

चिपळूणला २२ जुलै २०२१ ला पूर आला तेव्हा आमचं घर उतारावर म्हणून वाचलं, बाजारपेठेतल्या भावाचं नाही. पाणी ओसरल्यावर चिखल उपसायला गेलो. पार्टिकल बोर्डाची शोकेस चहात बुडवलेल्या बटरासारखी फुगली होती, प्लायच्या कपाटाचे थर सुटले होते. रस्त्याच्या दोन्ही कडांना असल्याच सामानाचे ढीग. आजीची फणसाची पेटी मात्र आम्ही पाइप लावून धुतली, सावलीत वाळवली, आणि झाकण जरा कुरकुरतं एवढंच. पुढे कित्येक महिने सुतार मिळेना. सगळ्या गावाला एकदमच दारं-कपाटं हवी होती. तेव्हा म्हटलं, आपणच करू.

जागा होती. गुरं गेल्यापासून गोठा रिकामाच. दहा बाय चौदा, जांभ्याच्या भिंती, वर कौलं. खाली कोबा घातला आणि लगेच टेबल सॉ आणला. इथे चुकलो. गोठ्यात दिव्यापुरती ओढलेली वायर होती. बटण दाबलं की घरातला एमसीबी पडे, वीज बंद. मोटर सुरू होताना क्षणभर चालू करंटच्या कितीतरी पट करंट ओढते, हे मला त्यानंतर वायरमनने सांगितलं. मीटरपासून वेगळी लाइन, चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, सोळा अँपिअरचं सॉकेट, मोटरचा सुरुवातीचा झटका सोसणारा सी टाइपचा एमसीबी, नीट अर्थिंग, आणि करंट गळायला लागला की वीज तोडणारा तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी. ओल्या कोब्यावर उभं राहून काम करायचं तर हे शेवटचं विसरू नका. एवढं करूनही आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं, मोटर तापते, म्हणून सहानंतर मशीन बंद.

मशीन चालू झालं, पण एक स्टूल काही होईना. कापलेले तुकडे एकमेकांत बसतच नव्हते. शेवटी वाडीतल्या मेस्त्रींना बोलावलं. सत्तरीचे गृहस्थ. माझ्या मशीनकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. जमिनीवर फतकल मारून बसले, तुकडा पायाच्या तळव्याखाली दाबला आणि पटाशी, म्हणजे लाकडाची छिन्नी, मागितली. तिच्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "दुकानातून आणलीत तशीच हाय ना?"

मला वाटलं कौतुक चाललंय.

नवी पटाशी किंवा रंध्याचं पातं धार लावलेलं येत नाही, फक्त घासलेलं येतं. आधी पाठ सपाट करायची, आरशासारखी, निदान टोकाकडचा इंचभर भाग. त्यात माझे दोन रविवार गेले. मग पंचवीस-तीस अंशांचा उतार धरून दुहेरी कार्बोरंडम दगडावर, आधी खरखरीत बाजू, मग बारीक. बारीक दगड नसेल तर जाड काचेवर वॉटर पेपर चिकटवून काम भागतं. पाठीमागे बोटाला बारीक काठ लागला की उलटून तो काढायचा. मनगटावरचे केस तुटले की झालं. माझा डावा हात अजून तुळतुळीत असतो. तशी धार लागली आणि कुसू, म्हणजे जोडाचं पुढे काढलेलं टोक, खाचेत पहिल्यांदा थोपटून बसलं, तेव्हा कळलं की इतके दिवस मी लाकूड कापत नव्हतो, चेचत होतो.

दगडानंतर टेबल. मेस्त्रींसारखं बसून करायला मी पाहिलं. वीस मिनिटांत गुडघे बोलायला लागले. जुनं घर पाडत होते तिथून सागाच्या दोन तुळया आणल्या. पहिल्याच दिवशी रंध्याच्या पात्याला खाच पडली, आत मोडलेला खिळा होता. आता जुन्या लाकडावरून आधी लोहचुंबक फिरवतो. टेबलाची उंची कुणाला विचारू नका. ताठ उभे राहा, हात सोडा, मनगट येतं तिथे वरचा काठ. माझी तेहतीस इंच आली. आणि जड करा. रंधा मारताना टेबल सरकलं तर अर्धी ताकद त्याला धरून ठेवण्यातच जाते.

लाकडाबद्दल कोकणातल्यांना वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. मे महिन्यात केलेला ड्रॉवर जुलैत उघडत नाही. फूटभर रुंदीची फळी पावसाळ्यात दोन-तीन मिलिमीटर सहज फुगते, लांबीत मात्र जवळजवळ नाही. म्हणून रुंद फळी चारी बाजूंनी खिळून टाकू नका, तिला हलायला जागा ठेवा. जुन्या दारांची दिलं, म्हणजे मधल्या फळ्या, चौकटीतल्या खाचेत नुसती बसवलेली असतात ती याचसाठी. फणस कापला की पिवळाधमक असतो, वर्षा-दोन वर्षांत तपकिरी होतो. फळ्यांमध्ये पट्ट्या घालून, टोकांना रंग फासून, इंचाला वर्ष या हिशेबाने वाळू द्या. ओल्या फणसाची फळी मी एकदा घाईत वापरली. तिचं टेबल नाही, होडगं झालं.

हत्यारांना गंज आमच्याकडे रात्रीत चढतो. काम संपलं की खोबरेल तेलाचं फडकं, पेटीत कापराच्या वड्या. घरात कुणीतरी विचारतंच, आज पूजा कसली?

मशीन घ्यायचंच असेल तर त्याआधी मास्क घ्या, एन-९५. लाकडाची धूळ कॅन्सरला कारणीभूत ठरते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने केव्हाच जाहीर केलंय, आणि घात करते ती झाडूत येणारी नाही, उन्हाच्या कवडशात तरंगणारी. हातमोजे मात्र नकोत. दहा इंची पातं मिनिटाला चार हजार फेरे घेतं तेव्हा त्याचा दात ताशी जवळपास १९० किलोमीटरने जातो. मोज्याचा एक धागा अडकला की पाठोपाठ बोट. राखी, गंडा, लांब बाह्या, सगळं बाहेर ठेवून या.

माझं मशीन मी विकलं नाही. नोव्हेंबर ते मे फणसाच्या फळ्या उभ्या चिरायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पावसाळ्यात त्याच्यावर ताडपत्री असते, आणि ताडपत्रीवर मांजर.