ड्रेस्डेनचा कत्तलखाना क्रमांक पाच: गाइड करू नका, आधी वेळापत्रक बघा

कर्ट व्हॉनगटची ‘स्लॉटरहाउस-फाइव्ह’ ही कादंबरी वाचून जर्मनीतल्या ड्रेस्डेनला निघालेल्यांनी चौकात गाठ पडणाऱ्या गाइडला पैसे देऊ नयेत. आम्ही माणशी 60 युरो दिले. दुसऱ्या महायुद्धात व्हॉनगट युद्धकैदी असताना शहरावरच्या बॉम्बहल्ल्यातून कत्तलखान्याच्या ज्या तळघरात वाचला तिथे उतरवायचं, असं कबूल करून घेतलं होतं. कत्तलखान्याचं आता मेसे ड्रेस्डेन हे प्रदर्शन केंद्र झालंय. त्या दिवशी तिथे व्यापारी प्रदर्शन होतं आणि बिनतिकिटाच्या माणसाला आत सोडत नव्हते. गाइडला हे आधीपासून ठाऊक होतं. पैसे परत मागितले तर सरळ पाठ फिरवून गेला.

त्यात गाइडने बॉम्बहल्ल्यातल्या मृतांचा आकडा सांगितला 1,35,000. कादंबरीत तोच आहे, त्यामुळे वाचकाला खरा वाटतो. कादंबरी 1969 ची. तेव्हा तो आकडा छापील पुस्तकांत फिरत होता. शहराने नेमलेल्या इतिहासकारांच्या आयोगाने 2010 मध्ये दप्तरं तपासून जास्तीत जास्त 25,000 असा निष्कर्ष दिला. त्याहून मोठ्या आकड्यांची सुरुवात नाझी प्रचारखात्याने केली, मूळ आकड्याला एक शून्य जोडून. 25,000 माणसं होरपळून, गुदमरून गेली, त्यावर कुणी काही चढवायची गरज नाही. गाइड केलाच तर आधी त्याला हा आकडा विचारा. लाखात बोलला तर पुढे चला.

आता त्या वाटेबद्दल. त्याने आम्हाला ट्राम सोडून ऑपेरापासून एल्ब नदीच्या कडेकडेने चालवत नेलं. सुमारे तीन किलोमीटर, फेब्रुवारीत, वारा थेट तोंडावर. मारीएन पूल मागे पडला की मोकळं रान लागतं. चहा नाही, स्वच्छतागृह नाही, आडोसा नाही. वाटेत बघण्यासारखी एकच गोष्ट, येनिद्झे, मशिदीसारखा काचेचा घुमट असलेला जुना सिगारेटचा कारखाना, आणि तो ट्राममधूनही दिसतो. चांगले बूट-जॅकेट असूनही आमचे कान बधिर झाले. ही वाट धरूच नका. 10 नंबरची ट्राम मेसेच्या दारात सोडते.

प्रदर्शन उठल्यावर आमचे आम्हीच परत गेलो आणि आत गेलो. हॉल क्रमांक एकच्या तळघरात 2013 पासून एक स्मृतिभिंत आहे. बाकी जागा कोट ठेवायची: लोखंडी दांड्या, रिकामे हँगर, नंबरचे बिल्ले. खाली उतरलो आणि माझा सगळा राग गेला. कथेतला नायक काळात पुढेमागे फेकला जातो, परग्रहावर जाऊन येतो, पण फिरून फिरून याच खोलीशी येतो. खोली किती साधी आहे ते पाहिल्यावर लेखकाला परग्रह का लागला ते मला पटलं.

पण मेसेच्या आधी लष्करी इतिहास संग्रहालय बघा. जुन्या शस्त्रागारात वास्तुकार डॅनियल लिबेस्किंडने काच-पोलादाची पाचर घुसवलीय, 2011 साली. तिच्या वरच्या सज्जावर उभं राहून शहराकडे बघा. 13 फेब्रुवारी 1945 च्या रात्री ब्रिटिश विमानांनी ओस्ट्रागेहेगेचं स्टेडियम खूण म्हणून धरलं आणि तिथून आग्नेयेकडे, जुन्या शहरावर, पंख्यासारखे बॉम्ब पसरत नेले. कत्तलखाना त्या पंख्याच्या मुठीच्या मागे पडतो. कैदी वाचले ते खोल तळघर आणि ही दिशा, दोन्हींमुळे. पुस्तकात हा नकाशा कुठेच नाही आणि तो डोक्यात नसेल तर मेसेला जाऊन फक्त इमारती दिसतात. बुधवारी संग्रहालय बंद असतं.

जुन्या शहरात कादंबरीतलं उद्ध्वस्त गाव शोधू नका, सापडणार नाही. फ्राउएनकिर्खे हे चर्च 2005 मध्ये पुन्हा उभं राहिलं. काळे दगड जुने, पिवळसर नवे. झ्विंगर राजवाडा, बोट वगैरे छान आहे. आल्टमार्क्टवर मात्र थांबा. 6,865 प्रेतं याच चौकात रचून जाळली. भूमिगत पार्किंगच्या कठड्यावर पूर्वी तसा मजकूर कोरलेला होता, लोक त्याला टेकून फोन बघत असत.

13 फेब्रुवारीलाच जायचं असेल तर संध्याकाळी जुन्या शहरात मानवी साखळी असते, पोलीस बंदोबस्त असतो, ट्राम वळवतात. हॉटेल स्टेशनजवळ घ्या, सामान दुपारीच टाकून या. रात्री पावणेदहाला सगळ्या चर्चच्या घंटा वाजतात. त्यासाठी तिकीट लागत नाही.