काचबिंदूचा अँजिओ-ओसीटी आणि जुन्या स्कॅनची वसुली

काचबिंदू वाढतोय की थांबलाय हे बघायला ओसीटी अँजिओग्राफी (दृष्टिपटलातल्या, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यातल्या, बारीक रक्तवाहिन्यांचं प्रकाशाने चित्र काढणारी तपासणी) सांगितली असेल, तर एक आधीच सांगून ठेवतो: स्कॅन काही मिनिटांत होतो, मागच्या वर्षीचा स्कॅन हाती यायला मात्र जोडे झिजतात.

तपासणी सोपी आहे. सुई नाही, डायचं इंजेक्शन नाही. हनुवटी टेकवायची आणि आतल्या खुणेकडे बघायचं. यंत्र दृष्टिपटलावर एकाच जागेवरून लागोपाठ प्रकाश फिरवतं आणि दोन फेऱ्यांमध्ये जिथे फरक पडला तेवढंच चित्रात घेतं. हा फरक वाहत्या तांबड्या पेशींमुळे पडतो. म्हणूनच डोळा जरासा हलला तरी यंत्राला ते रक्तच वाहिल्यासारखं वाटतं आणि चित्रात आडव्या पांढऱ्या रेघा उमटतात. पापणी लवली की काळा पट्टा. असं काही दिसलं तर तिथल्या तिथे पुन्हा काढायला सांगा. एकदा खुर्चीवरून उठलात की कोणी परत बसवत नाही.

माझं घोडं अडलं ते सेंटर बदलल्यावर. नव्या ठिकाणी यंत्र त्याच कंपनीचं, स्कॅनही तोच. रिपोर्टमध्ये केशवाहिन्यांची घनता मात्र आधीपेक्षा कमी. डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही मूळ स्कॅन शेजारी-शेजारी बघितल्याशिवाय औषध वाढवणार नाही. बरोबरच होतं त्यांचं. म्हणून जुन्या सेंटरच्या खिडकीवर गेलो, तर उत्तर आलं, "रिपोर्ट दिलाय ना काका तुम्हाला? अजून काय पाहिजे?"

तो रिपोर्ट म्हणजे साध्या कागदावर, शाई संपत आलेल्या प्रिंटरवर काढलेलं राखाडी चित्र. घनतेचा आकडा ठळक, आणि वरच्या कोपऱ्यातला सिग्नलचा आकडा (स्कॅन किती स्पष्ट आलाय ते सांगणारा) छापताना कापला गेलेला. नेमका तोच हवा होता. मग "मशीनवाले आज नाहीत", मग "डेटा बाहेर देत नाही", मग "डॉक्टरांची चिठ्ठी आणा". चिठ्ठी नेली तर मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढून दिला. तिरपा, वर ट्यूबलाइटची चकाकी.

अशा वेळी तोंडी मागू नका. लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांत रुग्णाने नोंदी मागितल्यास ७२ तासांत द्याव्यात असं आहे, ते अर्जात लिहा. ७२ तास कोणी पाळले नाहीत, पण पोच घेतल्यावर खिडकीचा सूर बदलला हे खरं. अर्जात नुसतं "रिपोर्ट द्यावा" लिहिलं की परत तोच कागद मिळतो. तारीख, दोन्ही डोळे, मॅक्युलाचा (पडद्याच्या मधल्या भागाचा) ६×६ मिलीमीटरचा आणि दृष्टिचेतेच्या (डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेच्या) तोंडाचा ४.५×४.५ चा अँजिओ स्कॅन, त्याच दिवशीचा साधा ओसीटी (पडद्याच्या थरांची जाडी दाखवणारा), आणि हे सगळं यंत्रातून एक्स्पोर्ट केलेल्या मूळ फाइलींत पेन ड्राइव्हवर, असं फोडून लिहा. त्याच कंपनीच्या दुसऱ्या यंत्रात त्या फाइली उघडता येतात. जेपीजी चित्रावर पुन्हा मोजमाप होत नाही.

शेवटी फाइली मिळाल्या. जुना सिग्नल १० पैकी ९, नवा ६. सिग्नल उतरला की बारीक केशवाहिन्या आधी पुसट होतात आणि सॉफ्टवेअर त्यांना नसल्यातच जमा करतं. घनता आपोआप घटते, काचबिंदू जागचा हलला नसला तरी. ६ हा आकडा यंत्राला चालतो, पण वर्षागणिक तुलना करायची तर ७ च्या खालचा स्कॅन मी तरी फाइलला लावू देणार नाही, आणि दोन स्कॅनमधला फरक एका अंकापेक्षा जास्त नको.

सिग्नल उतरण्याचं कारण बहुतेकदा डोळ्याच्या पृष्ठभागावरच असतं. काचबिंदूचे थेंब वर्षानुवर्षं घातले की त्यातल्या प्रिझर्वेटिव्हमुळे डोळा कोरडा पडतो. स्कॅनच्या आधी कृत्रिम अश्रूंचा पातळ थेंब घाला, दोन-तीन मिनिटं थांबा, पापण्या पूर्ण मिटून उघडा, मग बसा. जेल नको, त्याने आणखी धुरकट होतं. डोळ्याचा दाब मोजणं आणि गोनिओस्कोपी (डोळ्याला भिंग टेकवून आतला कोन बघणं) स्कॅननंतर. गोनिओच्या भिंगाखालची जेल लागल्यावर त्या दिवशी चांगला सिग्नल विसरा. बाहुली पहिल्या वेळी मोठी केली असेल तर दर वेळी करा, नसेल तर नको. थेंब घालून, दाबाच्या आधी फेरस्कॅन घेतला तेव्हा सिग्नल ८ आला आणि ती "घट" जवळजवळ निघून गेली. इतका हलका मी बऱ्याच दिवसांत झालो नव्हतो, आणि त्या खिडकीवरचा रागही तितकाच नव्याने आला.

सिग्नल चांगला असूनही घनता कमीच आली तर जागा बघा. काचबिंदूची झीज बहुधा दृष्टिचेतेपासून पाचरीसारखी पसरते, जास्त करून खालच्या बाहेरच्या बाजूला. तिथलाच दृष्टिचेतेच्या तंतूंचा थर साध्या ओसीटीत पातळ असेल आणि फिल्ड टेस्टमध्ये, म्हणजे नजरेचा आवाका मोजणाऱ्या तपासणीत, वरचा भाग गेला असेल (पडद्यावर चित्र उलटं पडतं), तर तिन्ही गोष्टी एकच सांगताहेत. नुसताच ठिगळासारखा काळा डाग असेल तर ती डोळ्यातल्या तरंगत्या जाळीची सावलीही असू शकते; साध्या ओसीटी चित्रात त्याच जागी काळं दिसलं तर सावलीच धरा. मधुमेह असेल तर केशवाहिन्या त्यामुळेही जातात, डॉक्टरांना आठवण करून द्या.

सुरुवातीच्या काचबिंदूत तंतूंच्या थराची जाडी आणि फिल्ड टेस्ट पुरते, अँजिओचा आग्रह धरू नये असं माझं मत. खरा उपयोग पुढच्या अवस्थेत. थर ५०-६० मायक्रॉनवर आला की आधार देणाऱ्या पेशी आणि रक्तवाहिन्या तेवढ्या उरतात, जाडी त्याखाली फारशी उतरत नाही. मॅक्युलाच्या केशवाहिन्यांत मात्र मोजायला अजून काही शिल्लक असतं.

कंपनीच वेगळी असेल तर आकडे शेजारी ठेवूच नका. झाइसच्या अँजिओप्लेक्सवर मॅक्युलाची "व्हेसल डेन्सिटी" म्हणजे दर चौरस मिलीमीटरमधली वाहिन्यांची लांबी, निरोगी डोळ्यात १८ च्या आसपास. ऑप्टोव्ह्यूच्या अँजिओव्ह्यूवर त्याच नावाचा आकडा क्षेत्रफळाची टक्केवारी असतो, ५० च्या आसपास.

आणि हो, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की घनता वाढलेली दिसते. पेढे वाटू नका, भिंग स्वच्छ झाल्याने सिग्नल वाढलाय. तिथून नवी बेसलाइन (पुढच्या तुलनेचा पहिला स्कॅन) धरायची. सेंटर यंत्र बदलणार असल्याचं कानावर आलं तर जुनं जायच्या आत दोन्हींवर एकाच दिवशी स्कॅन करून घ्या, आणि पेन ड्राइव्ह घेऊनच जा.