जो मत देईल त्याने बातमी करू नये

हार्वर्डच्या पोरांचा पेपर आहे ना, 'द हार्वर्ड क्रिमसन', त्यातला अग्रलेख कधी वाचलात तर शेवटची छोटी टीप सोडू नका, मी तर हल्ली अग्रलेखाच्या आधी तीच बघतो. त्यात असतं की हे मत संपादक मंडळाच्या बहुमताचं आहे, नेहमीच्या बैठकांमधल्या चर्चेतून आलंय, आणि त्या बैठकीत ज्यांनी मत मांडलं आणि मतदान केलं ते लोक तशा विषयांच्या बातम्या करण्यात नसतात. एवढंच. पण विचार करा, एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांनी स्वतःच स्वतःला घालून घेतलेला नियम आहे हा.

पेपर 1873 चा. आधी नाव 'मॅजेंटा' होतं, मग 1875 मध्ये हार्वर्डने आपला रंग क्रिमसन (म्हणजे गडद लाल) ठरवला तसं यांनीही नाव बदललं. चालवतात सगळे पदवीचे विद्यार्थीच, प्राध्यापक सल्लागार वगैरे भानगड नाही. आत शिरायला 'कॉम्प' नावाचा प्रकार असतो, म्हणजे थोडक्यात उमेदवारी करायची, काम शिकायचं, मग आत.

आता अग्रलेख कसा ठरतो ते बघा. संपादकीय विभाग वेगळा, बातम्यांचा वेगळा. विषय बैठकीत येतो, त्यावर भांडून घेतात, मग कल कुठे आहे ते बघायला मतं घेतात, आणि बहुमताची बाजू कुणीतरी एक जण लिहून काढतो. नाव लेखकाचं नाही, मंडळाचं. ज्याला अजिबात पटलेलं नाही तो आपल्या नावानिशी वेगळं मत लिहू शकतो आणि ते छापलंही जातं, सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती असहमतीचा निकाल देतात ना अगदी तसं. बातमीदाराला मात्र बैठकीत जाऊन तोंड उघडायचं की नाही हे आधी ठरवावं लागतं, कारण बोललास की त्या विषयाची बातमी तुझ्या हातून गेली. मला हे फार आवडतं. मत असू नये असं कुणी म्हणत नाही, फक्त एकाच वेळी दोन खुर्च्यांवर बसायचं नाही.

गंमत म्हणजे हे असं पहिल्यापासून नव्हतं. फ्रँकलिन रुझवेल्ट (हो तेच, नंतरचे राष्ट्राध्यक्ष) 1903-04 च्या सुमारास याच पेपरचे अध्यक्ष होते आणि ते स्वतःच अग्रलेख लिहायचे, फुटबॉलच्या टीमला जोरात ओरडून पाठिंबा द्या अशा छापाचे. म्हणजे एका माणसाची हौस.

आपल्याकडे 'संपादक मंडळ' म्हटलं की माझ्या डोळ्यापुढे कॉलेजच्या वार्षिक अंकातला ग्रुप फोटो येतो. मधे प्राचार्य, बाजूला विभागीय संपादक म्हणजे मराठीचे सर, हिंदीच्या मॅडम, इंग्रजीचे सर, आणि मागे उभे विद्यार्थी प्रतिनिधी. मी पण होतो मागच्या रांगेत. काम काय, तर वर्गावर्गांत जाऊन कविता गोळा करायच्या आणि प्रुफं तपासायची. निवड कशी झाली म्हणाल तर सरांनी बोलावलं म्हणून. आमच्या अंकात एकाने मेसच्या जेवणावर झणझणीत लेख दिला होता, पहिल्या प्रुफात होता, पुढच्या प्रुफात त्या जागी एनएसएसच्या शिबिराचे फोटो. कुणी काढला, का काढला, काही नाही, विचारलं तर म्हणे पानं वाढत होती. सर वाईट नव्हते हो, अंक विद्यापीठाच्या नियतकालिक स्पर्धेला जायचा असतो, वर प्राचार्यांना उत्तर द्यायचं असतं. पण आम्ही मंडळ होतो आणि आमची एक बैठक म्हणून झाली नाही. तसंही 1994 च्या विद्यापीठ कायद्यानंतर महाराष्ट्रात कॉलेजच्या निवडणुकाच गेल्या आणि विद्यार्थी मंडळं मार्कांवर भरायला लागली, तिथे अंकाच्या मंडळाला कोण मतदान विचारणार.

असो. तर क्रिमसनचा नियम खरा कस लागतो तेव्हा कसा चालतो ते 2022 च्या एप्रिलमध्ये दिसलं. मंडळाने इस्रायलवरच्या बहिष्काराच्या, म्हणजे बीडीएस नावाच्या चळवळीच्या बाजूने अग्रलेख लिहिला, आणि पूर्वी आम्हाला ही चळवळ पटत नव्हती हेही त्यातच कबूल केलं. प्रचंड गदारोळ झाला, माजी विद्यार्थी चिडले, प्राध्यापक चिडले, आणि त्यांची उलटी मतं त्याच पेपरात छापून आली. बाहेरच्या लोकांना मात्र 'क्रिमसन म्हणतो' एवढंच कळतं, बातम्या करणारे वेगळे आणि मत देणारे वेगळे हे टीपेत कितीही लिहा.

त्याआधी 2019 मध्ये उलट बाजूने झालं होतं. स्थलांतरितांना पकडणाऱ्या आयसीई या सरकारी खात्याविरुद्ध कॅम्पसवर निदर्शनं झाली, बातमीदारांनी रीतसर आयसीईची प्रतिक्रिया विचारली, तर विद्यार्थी संघटना म्हणाल्या हे का केलंत, आणि बहिष्कारच टाकला. विद्यार्थी प्रतिनिधींच्या कौन्सिलनेही त्यांची बाजू घेतली. पेपरचे प्रमुख हटले नाहीत, दुसऱ्या बाजूला विचारणं हे आमचं कामच आहे असं वाचकांना लिहून मोकळे झाले. बरोबर केलं असं मला वाटतं. प्राचार्यांपासून स्वतंत्र राहणं त्यामानाने सोपं, आपल्याच मित्रांपासून राहायला जड जातं, कारण संध्याकाळी जेवायला त्यांच्याच टेबलावर बसायचं असतं.

एक गोष्ट मात्र मला खटकते. दरवर्षी नवे पदाधिकारी निवडतात ते जाणारेच लोक, मुलाखती घेऊन, बंद दाराआड. म्हणजे अग्रलेखाला मतदान, आणि संपादक कोण होणार हे आधीचे संपादक ठरवणार! आपल्यासारखीच माणसं पुढे आणायची सवय लागायला याहून सोयीची पद्धत कुठली. बरं, सगळ्या कॅम्पसने मतदान करून निवडायचं म्हटलं तर 2019 ला काय झालं असतं ते दिसतंच आहे, प्रतिक्रिया विचारणारा संपादक दुसऱ्या दिवशी घरी गेला असता. मग निदान आतल्या सगळ्यांनी मिळून मतदान का करू नये? यावर कुणाकडे चांगलं उत्तर असेल तर सांगा, मला तरी सापडलेलं नाही.