काझातला सकाळचा चहा

आज पहाटे हिमाचलमधल्या काझात गाडीतच जाग आली. काचांवर आतून बर्फाची नक्षी. आईंनी पांघरुणातूनच विचारलं, "चहा होतोय ना गं?"

शेगडीचं बटण फिरवलं तर ज्योत नुसती फुरफुरली. या छोट्या डब्यातल्या द्रवरूप ब्युटेनचा कडाक्याच्या थंडीत नीट वायूच होत नाही. डबा शालीत गुंडाळून दहा मिनिटं पोटाशी धरला, मग कुठे धड पेटली. सरकता दरवाजा वीतभर उघडा ठेवला. थंडी सोसेन, पण बंद गाडीत शेगडी कधीच नाही.

इथे ३,६०० मीटरच्या वर पाणी साधारण ८८ अंशांनाच उकळतं. घरी दोन उकळ्यांत येतो तसा रंग येत नाही. म्हणून आलं खलबत्त्यात अगदी बारीक ठेचलं, पत्ती जरा जास्त घातली, झाकण ठेवून मंद आचेवर वाट बघत बसले. दूध अगदी शेवटी. आल्याचा वास सुटला तशा आई उठून बसल्या.

स्टीलच्या पेल्याला दोन्ही तळहात लावून त्यांनी पहिला घोट घेतला. "घरच्यासारखा झालाय गं." इतकं बरं वाटलं मला!

दुसरा चहा दारात बसून, एकाच घोंगडीत, स्पिती नदीवर उतरणारं ऊन बघत प्यायलो.